रहस्य आणि उत्कंठा जागवणाऱ्या कॉर्ड्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले तीन किंवा जास्त सूर. खालच्या बहुतेक उदाहरणांत सी हा सा धरला आहे, म्हणजे पांढरी एक. त्या हिशोबाने कोमल ग म्हणजे ई फ्लॅट, तीव्र म म्हणजे एफ शार्प, कोमल ध म्हणजे ए फ्लॅट. जिथे दुसरा सा धरला आहे तिथे तसं सांगितलं आहे. सेमीटोन म्हणजे की-बोर्डवरच्या अगदी लगतच्या पट्टीपर्यंतचं अंतर, मग ती काळी असो वा पांढरी. शार्प म्हणजे एक पट्टी वर, फ्लॅट म्हणजे एक पट्टी खाली, त्यामुळे जी शार्प आणि ए फ्लॅट ही एकाच पट्टीची दोन नावं. वाचताना की-बोर्ड, हार्मोनियम किंवा गिटार हाताशी ठेवा. एखादी कॉर्ड प्रत्यक्ष वाजवून ऐकली की तिच्याबद्दलचं अर्धं अधिक आपोआप कळतं.

रहस्य आणि उत्कंठा यांत संगीताच्या दृष्टीने फरक काय?

दोन्ही भावना अनिश्चिततेतून येतात, पण ती अनिश्चितता वेगवेगळ्या गोष्टीची असते. रहस्यात आपण कुठे आहोत हेच कानाला कळत नाही. सा कुठला, ही कॉर्ड कुठल्या सप्तकातून आली, पुढे काय येईल, कशाचाच अंदाज लागत नाही. उत्कंठेत सा पक्का ठाऊक असतो, पुढे कोणता सूर यायला हवा तेही ठाऊक असतं, फक्त तो येत नाही. घराचा रस्ताच सापडत नाही ते रहस्य. घरासमोर उभे आहात, कडी वाजवताय आणि दार उघडत नाही ती उत्कंठा.

हा फरक आधी सांगायचं कारण असं की ‘ही कॉर्ड रहस्याची, ती भीतीची’ अशा याद्या सगळीकडे मिळतात आणि त्या माझ्या मते फार कामाच्या नसतात. जी सेव्हन्थ (जी, बी, डी, एफ) घ्या. सी मायनरचा (सी, ई फ्लॅट, जी) माहोल नीट जमल्यावर ती दोन आवर्तनं धरून ठेवली तर श्रोता पुढे सरकून बसतो, कारण त्याला सी मायनर हवी आहे. तीच जी सेव्हन्थ वाजवून तुम्ही लगेच एफ शार्प मायनरवर गेलात, तर त्याच कॉर्डचा अर्थ गूढ होऊन जातो. भाव कॉर्डमध्ये थोडा असतो. तिच्या मागे-पुढे काय आहे आणि कानाची कोणती अपेक्षा आपण अडवून धरली आहे, त्यात खूप जास्त असतो.

नुसती मायनर कॉर्ड पुरत नाही का?

सहसा नाही. सा, कोमल ग, प ही रचना गंभीर आहे, उदास आहे, पण स्थिर आहे. तिच्यात सा–प ही जोडी आहे आणि त्या जोडीवर कान निवांत टेकतो. दुःखाला तेवढी स्थिरता चालते. रहस्याला ती अडचणीची ठरते. पुढच्या बहुतेक युक्त्या कुठल्या ना कुठल्या प्रकारे हा पंचमाचा आधार हलवतात, झाकतात किंवा काढून घेतात, हे लक्षात ठेवलं तर एकेक कॉर्ड पाठ करावी लागत नाही.

ट्रायटोनचं एवढं महत्त्व का सांगतात?

कारण अस्वस्थ वाटणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कॉर्डच्या पोटात तो सापडतो. ट्रायटोन म्हणजे सहा सेमीटोनचं अंतर, सा ते तीव्र म. सप्तकात बारा सेमीटोन, म्हणजे हा बरोबर मधोमधचा बिंदू. सापासून तीव्र म जितका दूर, तितकाच तीव्र मपासून वरचा सा दूर. अंतर दोन्ही बाजूंनी सारखंच असल्यामुळे या दोन सुरांपैकी घरचा कोणता, हे नुसत्या त्या जोडीवरून ठरवताच येत नाही.

दुसरं कारण ध्वनीचं आहे. सा आणि प यांच्या कंपनसंख्यांचं प्रमाण २:३ असं साधं आहे, म्हणून ते एकमेकांत मिसळून जातात. आजच्या की-बोर्डवरच्या ट्रायटोनचं प्रमाण २ च्या वर्गमुळाइतकं, म्हणजे सुमारे १.४१४ येतं. ते कुठल्याच छोट्या पूर्णांकांत बसत नाही, त्यामुळे दोन सूर एकमेकांत विरघळत नाहीत.

एक प्रयोग करून बघा. तानपुऱ्याचा किंवा अॅपवरचा षड्ज सुरू ठेवा आणि त्यावर पंचम लांब धरा. सगळं जागच्या जागी बसतं. आता पंचमावरून फक्त एक पट्टी खाली या, तीव्र मध्यमावर, आणि तिथेच थांबा. काही क्षणांत तो सूर स्वतःहून वर पंचमाकडे ओढ घेतोय असं वाटू लागतं. तुम्ही त्याला जाऊ दिलं नाहीत, तर ती ओढ साचत जाते. सस्पेन्सच्या पार्श्वसंगीताचा मोठा भाग या एका ओढीवर उभा आहे.

युरोपात या अंतराला ‘संगीतातला सैतान’ म्हणत आणि चर्चने त्यावर बंदी घातली होती, ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. जुन्या समूहगायनाच्या नियमांत हे अंतर टाळायला सांगत हे खरं, कारण ते गायला अवघड आणि कानाला खडबडीत. पण बंदीच्या गोष्टीला पुरावा नाही. त्या नावाचा नाट्यमय वापर मात्र संगीतकारांनी मनापासून केला. सां-साँस यांच्या १८७४ च्या ‘दान्स माकाब्र’ (मृत्यूचं नृत्य) या वाद्यवृंदरचनेत एकल व्हायोलिनची सर्वांत बारीक तार मुद्दाम अर्धा स्वर उतरवून ई फ्लॅटवर लावतात, म्हणजे शेजारच्या ए तारेशी मोकळ्या तारांवरच ट्रायटोन जमतो. मृत्यू व्हायोलिन वाजवायला बसला आहे हे पहिल्या काही सुरांतच समजतं.

डिमिनिश्ड सेव्हन्थ एवढी प्रसिद्ध का आहे?

ही सस्पेन्सची सगळ्यांत जुनी हुकमी कॉर्ड. सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध ध. लगतच्या प्रत्येक दोन सुरांत नेमके तीन सेमीटोन, त्यामुळे तिच्यात एक नव्हे, दोन ट्रायटोन बसतात: सा–तीव्र म आणि कोमल ग–ध. पंचम तर नाहीच.

तिची खरी गंमत तिच्या सममितीत आहे. कोणताही सूर खाली ठेवा, कॉर्ड तीच राहते. म्हणून बारा सुरांत अशा वेगळ्या कॉर्ड्स फक्त तीनच निघतात. गिटारवर हे डोळ्यांनी दिसतं. बारीक चार तारांवर, चौथ्या तारेपासून पहिलीपर्यंत, मोकळी–पहिला फ्रेट (गिटारचा पडदा)–मोकळी–पहिला फ्रेट असं धरा: डी, जी शार्प, बी, एफ. आता तोच आकार तीन फ्रेट वर सरकवा. तेच चार सूर वेगळ्या क्रमाने मिळतात. आणखी तीन फ्रेट वर, पुन्हा तेच. जुन्या पाठलागाच्या प्रसंगांत हा आकार असाच वर वर सरकत जातो. ताण वाढल्यासारखा वाटतो, पण खरं तर आपण जागचे हललेलोही नसतो.

या सममितीमुळे तिला बाहेर पडायचे चार रस्ते मिळतात. बी, डी, एफ, ए फ्लॅट ही कॉर्ड घ्या. यातल्या बीला शुद्ध नी, म्हणजे साच्या लगतची खालची पट्टी, मानलं तर ती सीवर सुटते. डीला नी मानलं तर ई फ्लॅटवर, एफला मानलं तर जी फ्लॅटवर, ए फ्लॅटला मानलं तर एवर. प्रत्येक ठिकाणी मेजर (सा, शुद्ध ग, प) किंवा मायनर, दोन्ही चालतं. श्रोत्याला सुटका होणार हे कळतं, कुठे होणार ते कळत नाही. रहस्य आणि उत्कंठा एकाच कॉर्डमध्ये मिळण्याचं हे सर्वांत स्वच्छ उदाहरण.

वेबरने १८२१ च्या ‘डेर फ्रायशुट्झ’ या ऑपेरात, लांडग्यांच्या दरीच्या प्रवेशात, हिचा असा वापर केला की पुढे शतकभर भुताखेतांच्या प्रसंगाला हीच कॉर्ड येत राहिली. अतिवापराचा फटका तिला बसला आहे. आज ती एकटी, जोरात, ट्रेमोलोवर (तेच सूर भराभर थरथरवत) वाजवली तर खलनायकाने मिशीला पीळ दिल्यासारखं वाटतं. मी ती हळू आवाजात, दोन दूरच्या कॉर्ड्समधला पूल म्हणून वापरायला सुचवेन. तिथे ती अजूनही ताजी आहे.

हाफ-डिमिनिश्ड वेगळी कशी?

डिमिनिश्ड सेव्हन्थमधला वरचा शुद्ध ध एक पट्टी चढवून कोमल नी करा: सा, कोमल ग, तीव्र म, कोमल नी. सममिती मोडते, एक ट्रायटोन उरतो आणि धारेच्या जागी हुरहूर येते. दुसऱ्या बाजूने बघितलं तर ही ई फ्लॅट मायनरच आहे, खाली सी ठेवलेली. म्हणजे वर दुःख, खाली जमीन सरकलेली. वाग्नरच्या ‘ट्रिस्टान उंड इझोल्डे’ या ऑपेराच्या सुरुवातीची प्रसिद्ध कॉर्ड (एफ, बी, डी शार्प, जी शार्प) कानाला हीच लागते. १८६५ मध्ये म्युनिकला तो ऑपेरा पहिल्यांदा सादर झाला, आणि त्या कॉर्डने जागवलेली ओढ पुरेपूर शांत होते ती थेट अखेरच्या पानांवर, काही तासांनी. उत्कंठा किती लांबवता येते याचं मला माहीत असलेलं हे सर्वांत धाडसी उदाहरण आहे.

हेरपटांत शेवटी वाजते ती कॉर्ड कोणती?

मायनर-मेजर सेव्हन्थ: सा, कोमल ग, प, शुद्ध नी. मायनर कॉर्डवर शुद्ध नी ठेवला की तो वरच्या साला जवळजवळ टेकतो आणि तिथेच अडकून राहतो. शिवाय कोमल ग, प, नी हे तीन सूर मिळून आतल्या आत एक ऑगमेंटेड कॉर्ड (चार-चार सेमीटोनच्या अंतरांची, ती पुढे येईल) तयार होते. खाली थंड डोकं, वर टोकदार काहीतरी, असा तिचा स्वभाव.

गिटारवर ही फार सोपी आहे. ई मायनर धरा आणि चौथ्या तारेवरचं बोट दुसऱ्या फ्रेटवरून पहिल्यावर आणा. झाली ई मायनर-मेजर सेव्हन्थ. आता पहिल्या तारेवर दुसरा फ्रेट दाबला की त्यात एफ शार्पही येतो. १९६२ पासून पडद्यावर असलेल्या जेम्स बाँडच्या थीमचा शेवट याच कॉर्डवर होतो. तारा एकेक करून, सावकाश, खालून वर छेडा. एकदम झटका दिलात तर तिची मजा निम्मी जाते.

हिच्याच घराण्यातली एक चालही शिकून ठेवा. सी मायनर धरून फक्त पंचम हलवा: प, कोमल ध, शुद्ध ध, परत कोमल ध. बाकी दोन बोटं स्थिर. कोणीतरी दबक्या पावलांनी मागे येतंय असं वाटण्याचं काम हा एक सूर एकटा करतो. उलट दिशेची चालही तितकीच चांगली: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध असा बास, म्हणजे सर्वांत खालचा सूर, उतरत जातो आणि वर कोमल ग–प कायम राहतात.

ऑगमेंटेड कॉर्ड भीतीची की स्वप्नाची?

स्वप्नाची जास्त. सा, ग, कोमल ध. सगळी अंतरं चार सेमीटोनची. तिच्यात ट्रायटोन नाही, त्यामुळे धोक्यापेक्षा तरंगल्याचा भास होतो. पात्राला भास होतोय, काळ मागे जातोय, आरशात काही वेगळं दिसतंय अशा जागी ती शोभते. लांब धरली की मात्र कंटाळवाणी होते.

सस्पेंडेड कॉर्ड्समुळे सस्पेन्स येतो का?

सौम्य स्वरूपाचा. सा, म, प किंवा सा, रे, प अशा या कॉर्ड्समध्ये गंधारच नसतो. कोमल ग की शुद्ध ग, हे सांगायचं राहून गेल्यामुळे ऐकणाऱ्याला प्रसंग सुखाचा की दुःखाचा ते ठरवता येत नाही. तपासाची दृश्यं, पहाटेचं धुकं, मोकळा रस्ता अशा जागी, जिथे धोका अजून दिसलेला नाही पण काहीतरी जाणवतंय, तिथे या फार उपयोगी पडतात. एकामागून एक अशा तीन-चार सस्पेंडेड कॉर्ड्स घेतल्या आणि एकदाही गंधार दिला नाही, तर त्यांची खरी ताकद कळते.

अवघड कॉर्ड्स येत नसतील तर रहस्य जमेल का?

जमेल, आणि माझ्या मते जास्त चांगलं जमेल. हा या विषयातला सर्वांत श्रीमंत भाग आहे. दोन साध्या तीन सुरी कॉर्ड्स घ्यायच्या, पण कुठल्याही एका साच्या सात सुरांत एकत्र न बसणाऱ्या. प्रत्येक कॉर्ड स्वतःपुरती गोड असते; त्यांचं एकमेकींशेजारी येणं विचित्र असतं.

पहिली जोडी, सी मायनर आणि ए फ्लॅट मायनर. उजव्या हाताने सी, ई फ्लॅट, जी धरा. मधलं बोट ई फ्लॅटवरून उचलूच नका. अंगठा एक पट्टी खाली, बीवर. करंगळी एक पट्टी वर, ए फ्लॅटवर. हात जवळजवळ हललाच नाही, आणि तरी खोलीतला उजेड बदलल्यासारखं वाटतं. परत या, पुन्हा जा. सत्ता, धाक, काहीतरी प्रचंड जवळ येतंय, हे सांगायला सिनेसंगीतात ही जोडी खूप वापरली गेली आहे.

दुसरी जोडी, सी मेजर आणि ए फ्लॅट मायनर. इथे तिन्ही बोटं हलतात, प्रत्येक फक्त एकेक पट्टी: सी खाली बीवर, ई खाली ई फ्लॅटवर, जी वर ए फ्लॅटवर. एकही सूर सामाईक उरत नाही. म्हणजे हालचाल कमीत कमी आणि स्थलांतर जास्तीत जास्त. ओळखीचा चेहरा क्षणात अनोळखी होतो, तो परिणाम याचाच. मेलेलं माणूस डोळे उघडतं, अशा जागी ही कॉर्ड्सची जोडी बोलते.

तिसरी, ई मायनर आणि जी शार्प मायनर. बी हा एक सूर दोघींत सारखा. होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’ या वाद्यवृंदरचनेतल्या ‘नेपच्यून’ या शेवटच्या भागात या दोन कॉर्ड्स अशा लाटांसारख्या येत-जात राहतात की यातली घरची कोणती, हे कधी ठरतच नाही. शेवटी नजरेआड ठेवलेल्या स्त्री-कोरसचा आवाज विरत जातो. भीतीचा लवलेश नसलेलं, अथांग गूढ ऐकायचं असेल तर हा भाग ऐका.

चौथी जोडी ट्रायटोनवरची: सी मेजर आणि एफ शार्प मेजर. एकामागून एक वाजवल्या तर परग्रहावर गेल्यासारखं वाटतं. एकदम वाजवल्या तर स्ट्राव्हिन्स्कीच्या १९११ च्या ‘पेत्रुश्का’ या बॅलेतली प्रसिद्ध टक्कर मिळते.

आणि सर्वांत सौम्य म्हणून सी मायनर–एफ मेजर. सी मायनरच्या घरात शुद्ध ध आल्यामुळे अंधारात एक फट पडते. कोडं आहे, पण ते सुटण्यासारखं आहे, असा तिचा सूर. कथेच्या सुरुवातीला मी हिलाच आधी आजमावून बघतो.

बासचा सूर किती महत्त्वाचा?

फार. उजव्या हातात सी, ई फ्लॅट, जी गच्च धरून ठेवा आणि फक्त डावा हात बदला. खाली सी दिला तर साधी मायनर. ए फ्लॅट दिला तर ऊबदार, आठवणीत रमलेली. ए दिला तर हाफ-डिमिनिश्ड, प्रश्न पडल्यासारखी. बी दिला तर धारदार. एफ शार्प दिला तर सरळ धोका. वरचे तीन सूर तसूभरही बदललेले नाहीत. नव्या कॉर्ड्स शोधण्याआधी हातातल्या कॉर्डखालचे बाराही सूर एकदा तपासून बघावेत असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

उलट प्रयोगही करा. खर्जातला सा सोडायचाच नाही आणि वर कॉर्ड्स बदलायच्या: सी मायनर, डी फ्लॅट मेजर, बी डिमिनिश्ड, परत सी मायनर. डी फ्लॅट मेजर सीवर घासते, म्हणजे सावर कोमल रे उभा राहतो, आणि जमीन स्थिर असूनही छत हलतंय असा ताण येतो. धरून ठेवलेला खर्ज उत्कंठेला सर्वांत जास्त पोसतो, कारण सा कुठे आहे ते विसरूच देत नाही.

तीच कॉर्ड एका ठिकाणी भीतीदायक आणि दुसऱ्या ठिकाणी मचूळ का लागते?

मांडणीमुळे. लगतचे दोन सूर एकत्र वाजले की त्यांच्या कंपनसंख्यांतल्या फरकाइतके ठोके दर सेकंदाला ऐकू येतात. ११० हर्ट्झचा ए आणि त्याच्या शेजारचा ए शार्प, सुमारे ११६.५ हर्ट्झचा, एकत्र धरले तर सेकंदाला साधारण साडेसहा ठोके पडतात. आवाज गुरगुरतो. तीच जोडी दोन सप्तकं वर, ४४० आणि ४६६ हर्ट्झवर घेतली तर फरक २६ च्या घरात जातो. ठोके वेगळे मोजता येत नाहीत, नुसता खरखरीतपणा, काचेवर ओरखडा काढल्यासारखा.

म्हणून खालच्या सप्तकात फार सूर कोंबू नयेत. खाली एक सूर किंवा सा–सा अशी जोडी, मग मोठी पोकळी, आणि वर दोन-तीन जवळजवळचे सूर, ही मांडणी गूढतेला हमखास साथ देते. ती मधली पोकळी भरायचा मोह होतो, भरू नका. सी मायनरमध्ये रे घालायचा असेल तर रे आणि कोमल ग वरच्या सप्तकात शेजारी ठेवा. साधी मायनर लगेच थंड पडते.

आपल्या रागसंगीतात कॉर्ड्स नाहीत, मग तिथे हा भाव कसा येतो?

त्याच तत्त्वाने, फक्त सूर एकामागून एक येतात आणि तानपुरा सतत आठवण करून देत राहतो. मारवा घ्या. पंचम वर्ज्य, रे कोमल, मध्यम तीव्र, आणि सावर येणंही गायक लांबवत राहतो. कोमल रे आणि शुद्ध ध यांवर मुक्काम असतो. तानपुऱ्याचा सा खाली वाजतोय आणि गाणारा त्याच्या भोवती फिरतोय, तिथे टेकत नाही. शेवटी सा लागतो तेव्हा जो निःश्वास सुटतो, त्यालाच पाश्चात्त्य भाषेत रिझोल्यूशन म्हणतात. तोडीतले कोमल रे-ग-ध आणि तीव्र म, ललितमधले दोन्ही मध्यम, हेही असेच अभ्यासण्याजोगे. ज्यांनी थोडंफार गाणं शिकलं आहे त्यांना या विषयात मोठी आघाडी असते, कारण तीव्र मध्यमाची ओढ त्यांनी गळ्यातून अनुभवलेली असते. रागाचे सूर उचलून त्यांची कॉर्ड करताना मात्र सगळे एकदम वाजवू नका. सा आणि तीव्र म खाली, कोमल रे वर, एवढं पुष्कळ होतं.

कॉर्ड किती वेळ धरायची?

पहिल्यांदा वाटेल त्याच्या दुप्पट. घाईने बदललेल्या चार विलक्षण कॉर्ड्सपेक्षा एक बरी कॉर्ड आणि तिच्यानंतरची शांतता जास्त काम करते. शांतता हा भाग तर मोजूनच लिहावा, जशी एखादी कॉर्ड लिहितो तशी.

लयीबद्दल एक ठोकताळा उपयोगी पडतो. ठाम, एकसारखी लय उत्कंठा वाढवते, कारण पुढचा ठोका कधी येणार ते कळतं आणि आपण त्याची वाट बघतो. लय सैल सोडली, ठोके अनपेक्षित जागी टाकले, की रहस्य वाढतं. १९७५ च्या ‘जॉज’ या चित्रपटात जॉन विल्यम्सने शार्कसाठी जे दिलं, त्याच्या मुळाशी कॉर्डही नाही: ई आणि एफ, एका सेमीटोनवरचे दोन खर्जातले सूर, आणि त्यांची वाढत जाणारी गती. प्राणी दिसतही नाही आणि पाय आपोआप वर घेतले जातात.

शेवटी सुटका द्यावी की नाही?

कथा काय मागते त्यावर. पण सुटका म्हणजे फक्त घरी परतणं नव्हे. जी सेव्हन्थनंतर सी मायनरच्या जागी ए फ्लॅट मेजर द्या. दार उघडलं, पण आत वेगळीच खोली. जी सेव्हन्थमधला बी–एफ हा ट्रायटोन डी फ्लॅट सेव्हन्थमध्येही जसाच्या तसा आहे, त्यामुळे जी फ्लॅटवरही सुटता येतं आणि कान त्याला खोटं म्हणत नाही. किंवा सी मायनरवर या, पण बासमध्ये सीऐवजी ई फ्लॅट ठेवा. उत्तर मिळालं, पूर्ण मिळालं नाही. मालिकेच्या भागाचा शेवट करायला हे उत्तम.

एक गोष्ट टाळा: प्रत्येक ताण त्याच ठरावीक ठिकाणी सोडवणं. तिसऱ्या वेळेपर्यंत श्रोत्याला खाच-खळगे पाठ झालेले असतात.

माझ्या रहस्यमय कॉर्ड्स ऐकणाऱ्याला हसू आणतात. काय करू?

बहुतेक वेळा एकाच क्षणी खूप खुणा दिलेल्या असतात: डिमिनिश्ड कॉर्ड, ट्रेमोलो, खर्जातला ढोल, वर चिरकणारी व्हायोलिन्स, सगळं एकदम. यातलं एक ठेवा. वाद्य बदलून बघा. भीतीची कॉर्ड पियानोच्या मधल्या सप्तकात, अगदी साध्या आवाजात, जास्त अस्वस्थ करते. आणि तिच्या आधी दोन-तीन अगदी साध्या, ओळखीच्या कॉर्ड्स हव्यातच. कानाला आधी घर दाखवलं नसेल तर हरवल्याची जाणीव होणार तरी कशी?

साध्या भावगीतात किंवा पॉप गाण्यात या कॉर्ड्स चालतील का?

चालतील, एका जागी. कडव्याच्या शेवटून मुखड्याकडे परतताना एक डिमिनिश्ड किंवा हाफ-डिमिनिश्ड घातली तर मुखडा उजळतो. सुरावट मेजर सप्तकात आहे आणि एका ओळीखाली एफ मेजरऐवजी एफ मायनर दिली, तर त्या ओळीतला शब्द एकदम खोल जातो. गायकाचा सूर मात्र आधी तपासा. कॉर्डमध्ये कोमल ध आणि गळ्यात शुद्ध ध असेल तर ती सरळसरळ चूक ऐकू येते.

सराव कुठून सुरू करू?

सी मायनर धरा. तिच्यानंतर उरलेल्या अकरा मायनर आणि बाराही मेजर कॉर्ड्स एकेक करून वाजवा, प्रत्येक वेळी परत सी मायनरवर येऊन. बोटं कमीत कमी हलवा, सामाईक सूर सोडू नका. प्रत्येक जोडीपुढे मनात आलेलं चित्र एका शब्दात लिहा: विहीर, पत्र, जिना, धूर, काहीही. दुसऱ्याच्या यादीतला शब्द उसना घेऊ नका. नंतर तीच वही घेऊन फक्त आवडलेल्या जोड्या खर्जातला सा कायम ठेवून वाजवा आणि कुठल्या शब्दावर आता फुली मारावीशी वाटते ते बघा.